घराकडे वळवलेला कर्णा

मी आभार चांगले मानतो, अशी नगरमध्ये माझी ख्याती आहे. कुठल्याही कार्यक्रमाची पत्रिका निघाली की शेवटच्या ओळीत माझं नाव असतं. वक्ता कितीही रटाळ असो, लोक उठून चपला शोधायला लागलेले असोत, मी माइकपाशी गेलो की ते परत बसतात. "थांबा, आता हे हसवतील," म्हणतात. ही ख्याती आली कुठून, असं कुणी विचारलंच तर मी एक किस्सा सांगतो. आमच्या शाळेत इतिहासाचे एक विक्षिप्त सर होते, त्यांनी एकदा व्याख्यानमालेत इंग्रजी कॉमिकमधल्या झगेवाल्यावर भाषण ठोकलं आणि आभार मानताना मी अख्खं मैदान हसवून लोळवलं. हा किस्सा ऐकतानाही लोक हसतात. वीस-बावीस वर्षं मी तो सांगतो आहे आणि दर वेळी त्यातला एक कर्णा गाळतो आहे.

आज गाळणार नाही.

सर मूळचे खर्ड्याचे. उंच, किडकिडीत, चालताना थोडे पुढे झुकलेले. थंडी पडायला लागली की ते मरून रंगाची शाल पांघरायचे आणि गळ्यापाशी मोठी सेफ्टी पिन लावायचे. बाकीची शाल पाठीवर मोकळी. व्हरांड्यातून झपाझप चालत निघाले की ती मागे फडफडायची. "एका हातात खडू, एका हातात डस्टर. शाल कुठल्या हाताने धरू?" असं त्यांचं सरळ उत्तर होतं. पोरं त्यांना 'झगेवाले सर' म्हणायची. नाव शालीवरून पडलं असावं, असं मलाही आधी वाटलं होतं.

त्यांच्या तोंडी एकच प्रश्न असायचा: "कशावरून?" वर्गात पोराने उत्तर दिलं, अगदी बरोबर दिलं, तरी "कशावरून?" पोरगं म्हणायचं, "पुस्तकात दिलंय, सर." "पुस्तकात कशावरून दिलंय?" हेडमास्तर एकदा स्टाफरूममध्ये येऊन कौतुकाने म्हणाले, "संस्थेच्या चेअरमनसाहेबांना तुमचं काम फार आवडतं बरं का." सरांनी वहीतून मान वर करून विचारलं, "कशावरून?" हेडमास्तर आले तसे निघून गेले. बाजारातही तेच. मी सोबत असताना एका भाजीवालीने त्यांना सांगितलं, "मेथी आजचीच हाय, मास्तर."

"कशावरून?"

"आता मेथीला काय जलमाचा दाखला काढू व्हय?"

सर एवढे खूश झाले की दोन जुड्या घेतल्या. घरी मेथी कुणी खात नव्हतं.

मी त्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो तेव्हा पंचविशीतही नव्हतो. अजून कायम झालेलो नव्हतो, आणि कायम न झालेल्या मास्तरचं शाळेत जे स्थान असतं तेच माझं होतं: सगळ्यांच्या चहात वाटा, कुणाच्याच गप्पांत नाही. सरांनी मला पहिल्याच महिन्यात गाठलं. "गुंडांचं इंग्रजी येतं का तुला?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांनी पिशवीतून एक कॉमिक काढलं. त्याला मुखपृष्ठ नव्हतं. कडा उंदरांनी खाल्लेल्या. पण मधोमध गोधडीच्या जाड दोऱ्याने नीट शिवलेलं. आत हिरवा झगा घातलेला, डोळ्यांवर काळी पट्टी बांधलेला एक माणूस जिन्यावरून गडगडत खाली चालला होता, आणि वरून दोन गुंड त्याला काहीतरी ओरडत होते. त्या ओरडण्याचा अर्थ सरांना हवा होता.

मला तो आला नाही. पण इंग्रजीचा मास्तर, नाही कसं म्हणायचं? मी ठोकून दिलं. सरांनी माझ्याकडे पाहिलं. "कशावरून?"

दर रविवारी ते सायकलने भिंगारला जायचे. तिथे लष्करी कॅम्पातली रद्दी यायची. अफसरांच्या बदल्या झाल्या की मुलांची कॉमिकं वजनावर निघायची. शिवाय रद्दीवाल्याकडे गोऱ्यांच्या वेळची एक पत्र्याची पेटी होती. सोजीर जाताना टाकून गेलेले कागद तिच्यात होते. त्या पेटीत सरांना झगेवाला पहिल्यांदा सापडला. त्याचं खरं नाव इंग्रजी होतं, लांबलचक. पण सरांच्या घरात तो 'झगेवाला' होता, म्हणून माझ्यासाठीही झाला.

मुखपृष्ठं फाटलेली, म्हणजे अंक कुठला कधीचा ते कळायची सोय नाही. सर पान नाकाशी धरून वास घ्यायचे. मग मागच्या जाहिराती बघायचे. युद्धरोखे घ्या असं लिहिलेलं असलं की युद्धातला. फ्रिजची जाहिरात आली की नंतरचा. शर्टाच्या कॉलरवरून, मोटारींच्या आकारावरून त्यांनी सगळे अंक क्रमाने लावले होते. आणि तसे लावल्यावर त्यांना जे दिसलं त्याने ते झपाटून गेले होते. सगळ्यांत जुन्या अंकात झगेवाल्याला काहीच येत नव्हतं. तो साधा माणूस होता. गच्चीवरून उडी मारायचा आणि गुडघे फोडून घ्यायचा. पुढे तो एका उडीत रस्ता ओलांडायला लागला. आणखी पुढे उडायलाच लागला. शेवटी शेवटी तर गोळी त्याच्या छातीला लागून वाकडी व्हायची.

"आता हे कसं झालं?" सर विचारायचे. "लिहिणारे बदलले हे एक. पण वाचणारे? युद्ध वाढत गेलं, माणसं घाबरत गेली, तसं त्याचं बळ वाढत गेलं. लोकांनीच उडायला लावलं त्याला. तो बिचारा चालत हुता." रंगात आले की त्यांच्या बोलण्यात खर्डा यायचा.

मी म्हणायचो, "पण सर, चित्रातला माणूस तो. त्याचा कसला इतिहास?"

"खर्ड्याच्या लढाईबद्दल एक बखर एक सांगते, दुसरी दुसरंच. तिथे तू विचारतोस का, कसला इतिहास म्हणून?"

हे सगळं खूळ मुळात काकूंचं होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. लकव्याने त्यांची उजवी बाजू गेली होती. त्या कॉटवर असायच्या. बोलणं जड पण समजायचं, डोकं लखलखीत. मूलबाळ नव्हतं. सर शाळेतून येऊन स्वयंपाक करायचे, त्यांचं सगळं आवरायचे आणि मग काहीतरी वाचून दाखवायचे. पोथ्या झाल्या, कादंबऱ्या झाल्या. एकदा गंमत म्हणून त्यांनी कॉमिक दाखवलं, मराठीत सांगत सांगत. दुसऱ्या दिवशी दुसरं. काकू म्हणाल्या, "काल तर ह्याला उडता येत न्हवतं. आज कसं काय उडाया लागला?" जन्मभर दुसऱ्यांना 'कशावरून' विचारणाऱ्या माणसाला त्याच्या बायकोने अडवलं होतं. झगेवाल्याचा इतिहास तिथून सुरू झाला.

एका रविवारी मी दुपारचा त्यांच्याकडे गेलो. दार लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि तसाच उभा राहिलो. सर लाकडी स्टुलावर उभे होते. गळ्याभोवती हिरवी चादर, तीच ती सेफ्टी पिन लावलेली. डोळ्यांवर काळा रुमाल. त्यांनी हात पसरले, उडी मारली आणि धाडकन गुडघ्यांवर पडले. कॉटवर काकू हसत होत्या. हसू अर्ध्याच चेहऱ्यावर येत होतं, पण डोळ्यांतून पाणी दोन्हीकडून वाहत होतं.

मला पाहून सर अजिबात ओशाळले नाहीत. रुमाल कपाळावर सरकवत म्हणाले, "ये. हा पहिला अंक चाललाय. पडायचं कसं ते बरोबर दाखवावं लागतं. नाहीतर ही चुका काढते."

"काल डाव्या गुडघ्यावर पडले हुते," काकू म्हणाल्या. "चित्रात उजवा हाय."

मी चहा घेतला. स्टूल बाजूला सारून तिथेच बसलो. त्या घरात मी त्यानंतर कितीतरी वेळा गेलो. नगरमध्ये मला कुणाचं घर असेल तर ते तेवढंच होतं.

शाळेच्या मैदानावर दर उन्हाळ्यात व्याख्यानमाला व्हायची. दर वर्षी सर समितीकडे एकच विषय द्यायचे: 'एका झगेवाल्याचा इतिहास'. दर वर्षी समिती हसून तो बाजूला ठेवायची. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा आला. मैदानावर शिंपडायलाही पाणी नव्हतं. माला रद्द करायचंच घाटत होतं, पण शेवटी ठरली. आणि ऐन वेळी एका मोठ्या वक्त्याची तार आली, येऊ शकत नाही म्हणून. चेअरमन वैतागून म्हणाले, "मग काय, येऊ द्या तुमचा तो झगेवाला."

सर मला व्हरांड्यात भेटले. हातातला खडू त्यांनी पार चुरून टाकला होता. "आभार तू मान," म्हणाले. "सगळं ऐकलेला तूच एक आहेस." मग जाता जाता परत फिरले. "आणखी एक काम होतं. लाउडस्पीकरवाल्याला सांगशील का, एका कर्ण्याचं तोंड आमच्या गल्लीकडे कर म्हणून? हिला ऐकायचंय. मी स्वतः सांगणं बरं दिसत नाही."

त्यांचं घर मैदानाच्या मागच्याच गल्लीत होतं. मी लाउडस्पीकरवाल्याला गाठलं. तो कडुलिंबाच्या झाडावर चढला आणि वरूनच ओरडला, "मास्तरीणबाईंस्नी ऐकायचंय व्हय? मग असा बांधतो की घरातली भांडी हलतील!" कर्णा फिरवून त्याने तो सुतळीने करकचून बांधला. मी खाली उभा राहून हाताने दिशा दाखवत होतो. अजून थोडा डावीकडे. हां. बस.

म्हणजे हे मीच केलं होतं. विसरलो असं मी म्हणू शकत नाही आणि आठवत होतं असंही म्हणू शकत नाही. जेव्हा आठवायला हवं होतं तेव्हा आठवलं नाही, एवढंच.

संध्याकाळी मैदान बऱ्यापैकी भरलं. पुढच्या खुर्च्यांवर चेअरमन आणि त्यांचे पाहुणे. मागे सतरंजीवर शिक्षक, पालक, पोरं. अगदी कडेला दुष्काळी कामावरून परतलेली काही माणसं डोक्याचे पटके सोडून बसली होती. सर उभे राहिले तेव्हा पोरं फिसफिसली. उन्हाळा असून सरांनी शाल घेतली होती, पिनेसकट.

सुरुवातीला लोक हसले. मग कमी हसले. सर जिन्यावरून पडणाऱ्या झगेवाल्यापासून निघाले आणि युद्धापर्यंत आले, आणि माणसं भ्यायली की त्यांना कसला देव लागतो ते सांगायला लागले. तेवढ्यात कडेच्या माणसांतून एकाने आवाज दिला, "मास्तर, मग औंदा पाऊस पाडतो का तुमचा झगेवाला?"

मैदान खदखदलं. सरांनी हशा ओसरू दिला. मग म्हणाले, "शेवटच्या अंकातला पाडेल. पण मला तो नको. मला पहिल्या अंकातला पायजे. त्याला काय बी येत न्हाई. तो तुमच्या शेजारी खडी फोडाया बसंल."

त्यानंतर कुणी फिसफिसलं नाही. आवाज देणारा माणूस पटका हातात धरून तसाच बसला होता. मी आजवर शेकडो भाषणांच्या शेवटी उभा राहिलो आहे. तशी शांतता पुन्हा ऐकली नाही.

पण पुढच्या खुर्च्या कंटाळल्या होत्या. एका पाहुण्याने घड्याळ पाहिलं, दुसऱ्याने चेअरमनच्या कानाशी काहीतरी पुटपुटून हात उडवला. मी माइककडे निघालो तसं चेअरमननी मला बोटाने थांबवलं. "जरा हलकं करा हो वातावरण. मास्तरने पार सुतक आणलंय."

मला कायम करायचं की नाही ते त्याच महिन्यात ठरणार होतं. ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्यांनी धमकावलं असतं तर आज मला ते किती सोयीचं झालं असतं! ते फक्त 'हलकं करा' म्हणाले होते. पुढचं सगळं माझं.

मी म्हणालो, "सरांचा झगेवाला उडतो की नाही, मला ठाऊक नाही. पण सर उडतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. आता सर विचारतील, कशावरून? तर, स्टुलावरून!"

मैदान फुटलं. सुतक फिटल्यावर लोक हसतात तसे हसले. चेअरमन मांडीवर थाप मारून हसले. त्या हशाची मला जी नशा चढली ती मी नाकारत नाही. मग मी चादर सांगितली. पिन सांगितली. काळा रुमाल सांगितला. हात पसरून उडी कशी मारतात ते माइक सोडून दाखवलं. आणि परत माइकपाशी येऊन म्हणालो, "आणि सरांचं भाग्य बघा. घरात हक्काचा श्रोता आहे. कितीही कंटाळा आला तरी उठून जाऊ न शकणारा!"

हे वाक्य मी ठरवलेलं नव्हतं. ते तोंडातून आलं. किस्सा सांगताना मी कर्ण्याबरोबर तेही गाळतो. ज्यांना काकूंचं माहीत होतं ते जरा थबकले आणि मग हसले. ज्यांना माहीत नव्हतं ते लगेच हसले.

मी हसतच सरांकडे वळलो. तेही हसत असतील अशी माझी समजूत होती. सर माझ्याकडे बघत नव्हते. ते लिंबाच्या झाडाकडे, त्या कर्ण्याकडे बघत होते.

नंतर त्यांनी श्रीफळ घेतलं, हार घेतला, चेअरमनना नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये माझ्यासाठी चहा ओतला आणि बशी पुढे सरकवत म्हणाले, "बोललास चांगलं. आवाज अगदी स्वच्छ आला घरापर्यंत."

बस, एवढंच. टोमणा असता तर मला कळला असता. सर टोमणे मारत नसत. मी कर्ण्याचं काम नीट केलं होतं आणि ते त्यांनी मला सांगितलं होतं.

जूनमध्ये मी कायम झालो. गणपतीत मला पहिलं आभाराचं आमंत्रण आलं. पुढच्या थंडीत सरांनी शाल घेतली, पण पिन लावली नाही. डाव्या हाताने शाल धरून ते उजव्या हाताने फळ्यावर लिहायचे आणि पुसायची वेळ आली की हातातला खडू ठेवून डस्टर उचलायचे. वर्गाबाहेरून जाताना मी खिडकीकडे बघायचं टाळायचो. काही वर्षांनी सर निवृत्त झाले आणि दोघं खर्ड्याला गेली. तिथे आधी काकू गेल्या, मग सर. खर्ड्याला जायला जामखेडची एसटी रोज असते. मी दोन्ही वेळा गेलो नाही.

पण नगरच्या त्या घरी मी मधे एकदा गेलो होतो. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

भाषणानंतर दोनेक महिन्यांनी असेल. सर म्हणाले, "ती बोलावतेय तुला. बऱ्याच दिवसांत आला नाहीस." मी मुद्दाम सर शाळेत असतील अशी वेळ काढून गेलो. काकू कॉटवर उशीला टेकून बसल्या होत्या. शेजारची एक बाई त्यांना पाणी देऊन नुकतीच बाहेर पडत होती. ती मला ओळखून तोंडाला पदर लावत हसली.

"या," काकू म्हणाल्या. "आवाज लई गोड हाय तुमचा."

मी काहीतरी पुटपुटलो. काकू, चुकलं, असं काहीतरी. त्यांनी चांगला हात हलवून ते बाजूला सारलं.

"खोटं कुटं बोललात? मारत्यात की ते उडी." त्यांना बोलायला वेळ लागायचा. "आता न्हाई मारत. मीच सांगितलं, बसून वाचा म्हनून. गल्लीतली पोरं खिडकीशी येऊन बसत्यात. स्टूल, स्टूल म्हनून वरडत्यात. दुसऱ्या कुनी ह्यांना हसल्यालं मला चालत न्हाई."

मी मान खाली घातली. जमिनीवर सरांनी शिवलेला तो पहिला अंक पडलेला होता. स्टुलावर पाण्याची कळशी ठेवलेली होती. चादर घडी करून पायथ्याशी.

"पर बसून वाचल्यालं बरं न्हाई वाटत," काकू म्हणाल्या. मग त्यांचे डोळे एकदम तसे झाले, चुका काढताना व्हायचे तसे. "तुमी मारा की. तुमाला ठावं हाय सगळं. मैदानात तर किती झ्याक दाखवलंत."

मला वाटलं, त्या मला टोचताहेत. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्या टोचत नव्हत्या. त्या वाट बघत होत्या.

खिडकी उघडी होती. बाहेर ती बाई दोरीवर कपडे टाकत होती आणि तिच्याभोवती दोन-तीन पोरं होती. माझ्या अंगात इस्त्रीची पँट होती. मी कायम झालेला शिक्षक होतो. मी म्हणालो, "काकू, आज जरा गडबडीत आहे. पुन्हा येतो."

"बरं," काकू म्हणाल्या. "या मग."

मी पुन्हा गेलो नाही.

आजही व्यासपीठावर चढण्याआधी मी मैदानात कर्णे कुठे बांधलेत ते बघून घेतो. लोकांना वाटतं, हा माणूस आवाजाबद्दल फार काटेकोर आहे. परवाच एका मंडळाने माझा सत्कार केला, उत्तम आभारांबद्दल. शाल घातली. ती मी एका हाताने धरून बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांपुढे ते स्टूल होतं. कळशी उचलून खाली ठेवायची, एवढंच काम होतं. फार उंच नव्हतं ते. माझ्या गुडघ्याएवढंच.